वहिनींचा दुसरा स्क्रीन

पुस्तकाच्या श्रेयपानावर 'अक्षरजुळणी' असं छापून त्यापुढे एक नाव असतं. त्या नावाच्या माणसाचा दिवस कसा जातो, याची वाचकाला सहसा कल्पना नसते. खिळे जाऊन संगणक आला त्याला बरीच वर्षं झाली, पण हातानं लिहिणारे लेखक अजून आहेत, आणि त्यांचं हस्तलिखित आता व्हॉट्सॲपवर फोटो होऊन येतं. जुळणी करणाऱ्यासमोर स्क्रीन एकच. एका खिडकीत तो फोटो, दुसरीत टाइप करायचं पान. एक ओळ वाचायची, ऑल्ट-टॅब दाबायचं, टाइप करायची, पुन्हा ऑल्ट-टॅब, आणि मघाशी आपण कुठे होतो ते शोधायचं.

मी मुद्रितशोधक आहे. मजकूर नेमका कुठे गळतो हे मला पक्कं ठाऊक आहे. लागोपाठच्या दोन ओळींत 'त्यामुळे' आलं, की परतलेली नजर पहिल्या 'त्यामुळे'ऐवजी दुसऱ्यावर उतरते आणि मधला मजकूर जातो. उरलेलं वाक्य पुष्कळदा व्याकरणात चपखल बसतं, म्हणून मूळ प्रत शेजारी ठेवून वाचल्याशिवाय ती गळती सापडत नाही. हस्तलिखित आणि पान एकाच वेळी डोळ्यांसमोर असेल तर हे फार कमी घडतं. अक्षरजुळणी करणाऱ्याला दुसरा स्क्रीन लागतो; ही चैन आहे असं म्हणणाऱ्यानं ते काम एक दिवस करून पाहावं.

ज्यांच्याकडे माझं नेहमीचं काम असतं, त्या बाई पुण्यात घरूनच जुळणी आणि मांडणी करतात. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि त्याचा कॉलेजातला १५.६ इंची लॅपटॉप घरी राहिला. तोच डेस्कटॉपला जोडून दुसरा स्क्रीन करायचा असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचे दीर बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास, संगणक दुरुस्त करतात. त्यांना हा बेत अजिबात पसंत नव्हता. मी प्रुफं द्यायला गेलो होतो, आणि दोघांचं ऐन रंगात आलेलं बोलणं मला ऐकायला मिळालं.

वहिनी : भाऊजी, लॅपटॉप उत्तम चालू आहे, स्क्रीनवर ओरखडासुद्धा नाही. ही एचडीएमआयची केबल आणली, दोन्हीकडे नीट बसते. तरी त्यावर काही उमटत नाही ते का?

भाऊजी : उमटणारच नाही. डेस्कटॉपच्या मागचं एचडीएमआय चित्र बाहेर सोडतं. लॅपटॉपच्या कडेचं एचडीएमआयही चित्र बाहेरच सोडतं. टीव्हीला नाहीतर प्रोजेक्टरला जोडायला ते दिलेलं असतं. तुमच्या केबलच्या दोन्ही टोकांना बोलणारेच बसलेत, ऐकणारं कोणी नाही.

वहिनी : म्हणजे एवढा चांगला स्क्रीन, आणि त्याला बाहेरून चित्र घ्यायला वाटच ठेवली नाही?

भाऊजी : वाट आहे, पण ती आतल्या आत. मदरबोर्डवरून पॅनेलला एक बारीक केबल जाते. जुन्या लॅपटॉपात ती एलव्हीडीएस असते, नंतरच्यांत ईडीपी. पॅनेलला तिच्यावरून येईल तेवढंच समजतं. एचडीएमआय आत घेणारे लॅपटॉप निघाले होते, एलियनवेअरचे काही मोठे गेमिंगचे. ॲपलनं २००९ ते २०१४ मधल्या काही आयमॅकना 'टार्गेट डिस्प्ले मोड' दिला होता. त्यात आयमॅकचा पडदा दुसऱ्या संगणकाला वापरता यायचा. पुढे त्यांनीही तो बंद केला. आपल्या घरांत जे लॅपटॉप असतात, त्यांत ही सोय नसते. म्हणून म्हणतो, वापरलेला का होईना, एक २२ इंची मॉनिटर घ्या. कंपन्या ऑफिस बदलताना काढतात ते आमच्याकडे येतात, फुल एचडी असतात. तुमच्या डेस्कटॉपला व्हीजीए रिकामं आहे. जोडला की सुरू. विषय संपला.

वहिनी : तुमच्यासाठी संपला. माझ्या टेबलावर आणखी एक वस्तू आली, आणि हा धडधाकट लॅपटॉप माळ्यावर गेला. मला ते पटत नाही. मुलगा म्हणत होता, विंडोजमध्येच वाय-फायवरून जोडायची सोय आहे.

भाऊजी : आहे ना. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिम', त्यात 'प्रोजेक्टिंग टू धिस पीसी'. पण २०२० च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून तिथले पर्याय फिकट दिसतात. आधी 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये जाऊन 'वायरलेस डिस्प्ले' घालावं लागतं. हे माहीत नसलं की लोक लॅपटॉप बिघडला म्हणून घेऊन येतात. ते घातलं, की डेस्कटॉपवर विंडोजचं बटण आणि के दाबायचं, लॅपटॉपचं नाव निवडायचं. मग विंडोजचं बटण आणि पी दाबून 'एक्सटेंड' करायचं. यामागचं तंत्र मिराकास्ट, २०१२ पासूनचं आहे. अडचण एवढीच की ते वाय-फायवर चालतं आणि तुमच्या डेस्कटॉपला वाय-फायच नाही.

वहिनी : राउटरची केबल तर आहे. ती नाही चालत?

भाऊजी : तिच्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यायचं. स्पेसडेस्क म्हणून आहे. डेस्कटॉपवर त्याचा ड्रायव्हर, लॅपटॉपवर व्ह्यूअर, दोन्ही संगणक एकाच राउटरला. डेस्कटॉपला वाटतं, खरंच दुसरा मॉनिटर लागलाय. घरगुती वापराला ते फुकट आहे. तुम्ही मात्र त्यावर पैसे मिळवणार, तेव्हा परवाना घ्यावा लागेल.

वहिनी : घेईन की. फाँटचे पैसे मी भरते, मग याचे का नाही भरणार?

भाऊजी : पैशांचं सोडा, हिशेब ऐका. या लॅपटॉपच्या स्क्रीनवर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके आहेत. म्हणजे साडेदहा लाख झाले. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट लागतात, आणि चित्र सेकंदाला ६० वेळा काढायचं. दीड गिगाबिट होतात, दर सेकंदाला. राउटरची चांगली केबल एक गिगाबिट नेते, वाय-फाय प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. मग चित्र दाबून, लहान करून पाठवायचं, आणि तिकडे ते उलगडायचं. दाबायला वेळ लागतो, उलगडायला वेळ लागतो, आणि दोन्हीकडच्या प्रोसेसरला त्याचा भार. माउस हलवला की बाण मागून येतो. मॉनिटरच्या केबलमध्ये यातलं काही नाही, चित्र जसंच्या तसं जातं.

वहिनी : बाण मागून येऊ दे. मी त्यावर क्रिकेट बघणार नाही. लेखकाच्या एका पानाचा फोटो मी त्यावर लावणार, आणि तो पंधरा मिनिटं जागचा हलणार नाही. न हलणाऱ्या चित्राला उशीर कसला व्हायचा?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. तंत्राची तुलना करताना आपण सगळ्या कामांना एकच माप लावतो. व्हिडिओ पाहणाऱ्याला, गेम खेळणाऱ्याला क्षणभराचा विलंबही असह्य होतो. हस्तलिखित वाचणाऱ्या बाईंना तो जाणवणारही नाही. चित्र दाबणारी ही तंत्रं बहुतेक वेळा मागच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच पाठवतात. काहीच बदललं नाही तर पाठवायला फारसं उरत नाही. भाऊजींचा हिशेब चोख होता, पण तो दुसऱ्याच कामाचा होता. तेही क्षणभर गप्प झाले. मग पिशवीतून त्यांनी अंगठ्याएवढी एक डबी काढली.

भाऊजी : बरं, करूनच बघू. हे कॅप्चर कार्ड. एका बाजूला एचडीएमआय आत जातं, दुसरी बाजू लॅपटॉपच्या यूएसबीत. तुम्ही आणलेली केबल वाया जायची नाही. लॅपटॉपवर व्हीएलसी उघडायचं आणि हे कॅमेऱ्यासारखं निवडायचं.

डेस्कटॉपचं दुसरं चित्र खरोखरच लॅपटॉपवर आलं. वहिनींचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच एका लेखकाचं हस्तलिखित तिकडे ओढलं आणि इकडे टाइप करायला घेतलं. काळ्या शाईतलं मोठं अक्षर होतं, सहज वाचता येत होतं. बाण रेंगाळत होता, पण तिकडे न्यायची गरजच पडत नव्हती. ऑल्ट-टॅब न दाबता त्यांनी अख्खं पान संपवलं. मला तो वाद तिथेच निकाली निघाल्यासारखा वाटला.

मग त्यांनी माझंच एक तपासलेलं प्रूफ स्कॅन करून तिकडे नेलं. मी लाल शाईनं खुणा करतो, बहुतेक सगळेच करतात. कागदावर ठसठशीत दिसणारी माझी लाल वेलांटी तिथे कडांना पसरली होती. समासात लिहिलेलं बारीक 'दीर्घ' वाचताना वहिनी पुढे वाकल्या. पूर्ण पान बसवून पाहिलं तर अनुस्वार कुठे आहे आणि कुठे नाही, हे मलाच सांगता येईना.

भाऊजी : दिसलं? चित्र दाबताना उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात. रंगाची मात्र शेजारच्या दोन-चार ठिपक्यांना मिळून एकच. माणसाचा डोळा रंगाच्या बाबतीत ढिला असतो, म्हणून सिनेमात ते खपून जातं. बारीक लाल अक्षरात खपत नाही. त्यात हे स्वस्तातलं कार्ड फुल एचडीचं चित्र देतंय आणि स्क्रीनचे ठिपके त्याहून कमी, म्हणून ते आक्रसून बसवलं जातंय. ते मापाला लावता येईल, रंगाचं काही करता येणार नाही.

वहिनी : आणि पानाचं? अनुस्वाराचं?

भाऊजी : तो स्क्रीनचाच दोष. ७६८ ठिपक्यांच्या उंचीतून खालची पट्टी आणि वरचे मेनू वजा करा. उरतात सातशेच्या आत. त्यात समासांसह ३२ ओळींचं पान बसवलं तर एका ओळीला वीसही ठिपके येत नाहीत. त्यातच मधली मोकळी जागा, वरच्या मात्रा, खालचे उकार. अनुस्वाराला एक-दोन ठिपके मिळाले तर मिळाले.

देवनागरीच्या बाबतीत हे लक्षात ठेवायलाच हवं. रोमन लिपीत अक्षरावर मात्रा आणि अक्षराखाली उकार लागत नाहीत. आपली अक्षरं शिरोरेषेच्या वर आणि खालीही पसरतात, आणि अर्थ पुष्कळदा त्या वरच्या-खालच्या बारीक भागातच असतो. 'शिर' आणि 'शीर' यांतला फरक वेलांटीच्या वळणात, 'नाव' आणि 'नावं' यांतला एका टिंबात. जो स्क्रीन ते टिंब दाखवायची खात्री देत नाही, त्यावर प्रूफ तपासू नये. तिथे मी भाऊजींच्या बाजूला गेलो आणि तसं म्हणालोही.

वहिनी : काका, तपासायचं मी या स्क्रीनवर कुठे म्हणतेय? तपासणी या मोठ्या स्क्रीनवर, आणि शेवटी प्रिंट काढून. तिकडे फक्त बघून लिहायचं ते.

भाऊजी : मग वहिनी, मी तुम्हाला याहून सोपं सांगतो. लॅपटॉप हा स्वतःच एक पूर्ण संगणक आहे. त्याला मुका मॉनिटर करायला आपण एवढा आटापिटा करतोय. हस्तलिखिताचा फोटो त्याच्यावरच उघडा. चित्र पाठवायचंच नाही, मग दाबणं नाही, रंग पसरणं नाही. फक्त माउस आणि कीबोर्ड दोघांत एक करायचा. मायक्रोसॉफ्टचं 'माउस विदाउट बॉर्डर्स' २०११ मध्ये आलं, २०२३ पासून ते त्यांच्या पॉवरटॉइजमध्ये फुकट मिळतं. दोन्हीकडे घालायचं, एकाची की दुसऱ्यात भरायची. माउस इकडच्या स्क्रीनच्या कडेला नेला की बाण तिकडे जातो. इथे कॉपी केलेला मजकूर तिथे पेस्ट होतो. राउटरवरून जातात ती फक्त बटणं आणि बाणाच्या हालचाली. त्यांना काय लागतंय?

त्यांनी ते लगेच करून दाखवलं. तोच लाल खुणांचा स्कॅन लॅपटॉपवर उघडला. मोठा करून पाहिला तेव्हा माझी वेलांटी होती तशी दिसली. वहिनींनी माउस दोन-तीनदा इकडून तिकडे नेला. मग मांडणीच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरची एक खिडकी पकडून लॅपटॉपकडे ओढली. ती कडेला येऊन थांबली.

वहिनी : ही जात नाही.

भाऊजी : जाणार नाही. दोन संगणक वेगळे आहेत. बाण जातो, मजकूर जातो, खिडकी जात नाही.

वहिनी : मला कधीकधी ती न्यायची असते. दिवाळी अंकाची मांडणी करताना जाहिरातींची फाइल एकीकडे, अंक एकीकडे. दोन्ही इनडिझाइनच्या, आणि इनडिझाइन याच संगणकावर.

भाऊजी : त्यासाठी मॉनिटर घ्या, मी मघापासून तेच म्हणतोय. जाहिरातीत रंग बघायचे असतात. या लॅपटॉपचं पॅनेल जरा मागे कललं तरी रंग बदलतात. खालून बघितलं तर काळपट, वरून बघितलं तर फिकट. त्यावर जाहिरात पसंत केलीत आणि छापून भलतीच आली, तर ती छापखान्याची चूक नसेल.

वहिनी : वर्षाचे ते दोन-तीन महिने. बाकीचे महिने नुसती पुस्तकं असतात, नुसता मजकूर. आणि एक तुम्ही विचारातच घेत नाही. ऐन हंगामात माझा डेस्कटॉप बसला, तर तुमचा मॉनिटर मला काय देणार? लॅपटॉप निदान काम पुढे नेईल.

याला भाऊजींकडे उत्तर नव्हतं, आणि ते त्यांनी मान्य केलं. दुरुस्ती करणारा माणूस मॉनिटरवर विश्वास ठेवतो, कारण त्यात बिघडण्यासारखं कमी असतं. एकटीनं धंदा चालवणारी बाई दुसऱ्या संगणकावर विश्वास ठेवते, कारण काम अडलं तर तिला तारणारं दुसरं काही नसतं. दोघांची भीती वेगळी होती, म्हणून दोघांचा सल्लाही वेगळा होता.

मग भाऊजींनी लॅपटॉप बंद करून टेबलावर सपाट ठेवला आणि चारही कोपरे एकेक करून बोटानं दाबले. एका कोपऱ्यात तो किंचित डुलला. त्यांनी झाकण उघडून टचपॅडवरून अंगठा फिरवला. कडेशी तो केसभर वर आला होता.

भाऊजी : बॅटरी फुगायला लागलीय. सदा चार्जिंगला लावून ठेवलं की असं होतं, आणि तुम्ही हा दुसरा स्क्रीन म्हणून दिवसभर चार्जिंगलाच ठेवणार. ही आधी काढतो. दुकानात नेऊन काढतो, घरी कोणी पिनेनं टोचायची नाही. बॅटरीशिवाय हा अडॅप्टरवर चालेल. दुसरी घातली, तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असेल ती लावून देईन.

वहिनी : बॅटरीशिवाय चालेल ना? मग नवी नको. वीज गेली तर डेस्कटॉपही बंदच असतो.

भाऊजी : आणि याचं विंडोज १०. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हस्तलिखितं उघडा, पण बँकेचं काम यावर करायचं नाही.

वहिनी : ते मी मोबाइलवरही करत नाही.

मी निघायच्या बेतात होतो, पण एक विचारून घेतलं. ज्यांच्या लॅपटॉपचा मदरबोर्डच गेला आहे त्यांनी काय करायचं? भाऊजी म्हणाले, मग पॅनेल बाहेर काढायचं, मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर पाहायचा आणि त्याला जुळणारा कंट्रोलर बोर्ड घ्यायचा. त्या बोर्डाला एचडीएमआय आणि वेगळा अडॅप्टर लागला, की पॅनेल खराखुरा मॉनिटर होतो, आणि तिथे विलंब नाही की रंगाचं पसरणं नाही. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे बोर्ड मिळतात. नंबर न जुळवता घेतला तर चुकीच्या व्होल्टेजनं पॅनेल जळतं. चालू लॅपटॉप मोडून हे करायला ते तयार नव्हते, आणि मलाही ते योग्य वाटलं.

वहिनींकडे आता लॅपटॉप डाव्या हाताला, जाड जुन्या अंकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवलेला असतो, म्हणजे मान खाली घालावी लागत नाही. हस्तलिखित त्यावर, पान मोठ्या स्क्रीनवर, माउस एकच. मॉनिटरचा निर्णय त्यांनी दिवाळी अंकांच्या हंगामावर सोडला आहे. मला विचाराल तर पुस्तकांच्या जुळणीला ही रचना पुरेशी आहे, आणि रंगीत अंकांना नाही.

लेखकांना मात्र माझी एक विनंती आहे. हस्तलिखिताची पानं व्हॉट्सॲपवर नुसती फोटो म्हणून पाठवू नका. व्हॉट्सॲपही ती दाबून लहान करतं, आणि मग समोर कितीही चांगला स्क्रीन असला तरी तुमचा अनुस्वार परत येत नाही. 'डॉक्युमेंट' हा पर्याय निवडून पाठवा, आणि प्रत्येक पानावर ठळक आकडा घाला.